पाऊण इंच

टायरच्या दुकानात नवरा-बायको दोघं गेली की दुकानदार नवऱ्याशी बोलतो. गाडी माझी, चालवते मी, गुळगुळीत झालेला टायर बोटाने दाखवत होते मी, आणि डोंबिवली पूर्वेचा तो दुकानदार माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत नवऱ्याला विचारत होता, "साहेब, गाडी कुठली?" डोक्यावरून बघणं त्याला अवघड नव्हतं म्हणा. माझी उंची पावणेपाच फूट आहे, तीही उजव्या पायावर उभी असताना. डाव्या पायावर उभी राहिले तर आणखी कमी भरते.

लहानपणी पोलिओ झाला, त्यातून डावा पाय बारीक राहिला आणि उजव्यापेक्षा आखूडही. डाव्या चपलेचा तळ मी वाढवून घेते, त्यामुळे चालताना लंगडणं थोडं झाकलं जातं. रडगाणं म्हणून हे सांगत नाही. टायरची गोष्ट सांगायची तर पायाची सांगावीच लागते, कारण गेल्या वर्षी सगळा वैताग या दोघांनी मिळून दिला.

मी घरोघरी जाऊन रक्त घेते. एका लॅबसाठी काम करते. डोंबिवली, कल्याण, कधी टिटवाळ्यापर्यंत. ज्यांना जिना उतरवत नाही अशी माणसं सकाळी चहासुद्धा न घेता माझी वाट बघत बसलेली असतात, आणि मला उशीर झाला की त्यांची साखर खाली जाते आणि आवाज वर. वेळेवर पोचायचं तर स्वतःची गाडी हवी. माझी गाडी म्हणजे मिनी बाईक. लांबून बघितली तर लहान मुलाची वाटते, पण इंजिन खरं, नंबर प्लेट खरी. दहा इंची चाकं, गिअर नाहीत, दोन्ही ब्रेक हातात आणि सीट अगदी खाली. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. सोसायटीतली मुलं तिला खेळणं म्हणतात. म्हणू देत. बाजारातल्या सगळ्या स्कूटरवर बसून बघितलं आहे मी, आणि दोन्ही पाय जमिनीला लागतात अशी हीच एक आहे. उजवा पूर्ण, डाव्याची बोटं. तेवढी बोटं मला पुरतात.

गेल्या पावसाळ्यात कल्याणला पत्रीपुलाच्या अलीकडे मी पडले. रस्त्याच्या कामासाठी लोखंडी पत्रा टाकला होता, तो ओला होता, आणि मागचं चाक सरकलं. कोपराला टाके पडले. रक्ताच्या नळ्यांचा डबा मात्र शाबूत राहिला, तो एका बाईंनी उचलून माझ्या मांडीवर आणून ठेवला. नवरा ठाण्याला नोकरी करतो, तो धावत आला. रागावला नाही, घरी गेल्यावर तो डबा मात्र बराच वेळ पुसत बसला. मी म्हटलं, "टायर गुळगुळीत झालेत. दोन्ही बदलायला हवेत." तो म्हणाला, "हं." त्या 'हं'मध्ये काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

तर तो दुकानदार. टायरवरचा नंबर त्याने वाचला, दोन पंचाहत्तर-दहा, आणि मान हलवली. "हा साईज आता येतच नाय, साहेब. नव्वद शंभर दहा टाका. सगळ्या स्कूटरना तोच लागतो. रुंद आहे, ग्रिप पण भारी."

"उंची किती वाढेल?" मी विचारलं.

त्याने नवऱ्याकडे बघितलं. मीच विचारलंय हे दिसल्यावर नाइलाजाने माझ्याकडे बघितलं. "वाढून किती वाढणार, मॅडम? वीस एमएम धरा."

"म्हणजे पाऊण इंच."

"तेच बोलतोय. एवढ्याने काय होतंय?"

हे वाक्य मी पुढचे दोन महिने इतक्या तोंडांतून ऐकलं की आता कोणी म्हटलं तर माझं डोकं फिरतं. काय होतं ते सांगते. आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात, आणि आपण चालवतो डाव्या कडेने. म्हणजे सिग्नलला थांबले की डावीकडची जमीन मुळातच खाली गेलेली असते, आणि माझा आखूड पाय नेमका डावा. तिथे मला बोटांची टोकं टेकवून गाडी सावरायची असते. पाऊण इंच वाढला की बोटं हवेत. गाडी एकदा डावीकडे झुकली की तिला थांबवायला माझ्याकडे काही उरत नाही. सीट आणखी खाली घेता येत नाही. त्यातला फोम मी आधीच निम्मा कापून घेतलाय. आता खाली पत्राच आहे, अजून काही कापायचं तर मलाच कापावं लागेल.

हे सगळं मी त्याला सांगितलं. तो ऐकल्यासारखं करत होता. मग मी त्याच्या दुकानातल्या दोन फळ्या मागून घेतल्या, बोटाने मोजून साधारण तेवढ्याच जाडीच्या, आणि त्या दोन्ही चाकांखाली ठेवायला लावल्या. गाडीवर बसले. डाव्या पायाची बोटं जमिनीच्या वर राहिली, आणि मी कलंडायला लागले तेव्हा दोघांनी दोन बाजूंनी मला धरलं. "आता कळलं काय होतं ते?" मी विचारलं. दुकानदार म्हणाला, "हां मॅडम, बरोबर आहे तुमचं." बघितलं दोघांनीही.

त्यानंतर सल्ले सुरू झाले. गाडीला टायर मिळत नाही हे कळल्यावर ओळखीतल्या प्रत्येकाला अचानक माझी काळजी वाटायला लागली आणि प्रत्येकाचा सल्ला एकच: मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर घे. अपंगांसाठी असते ती. मी ती चालवून बघितलेली आहे. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असतात, मधून माझी बाईक निघते, ती निघत नाही. पावसाळ्यात तिच्या चारपैकी एक चाक कायम खड्ड्यात असतं आणि गाडी तिरपी. ही झाली सांगायची कारणं. न सांगायचं कारण असं की मला ती नको. दोन चाकांवर तोल सांभाळत जायला मला आवडतं. आयुष्यभर लोक मला हात द्यायला पुढे होत आले, जिन्यात, बसमध्ये, लग्नाच्या मांडवात. गाडीवर बसले की मला कोणी हात देत नाही, कारण मी निघून गेलेली असते. हे लोकांना कसं सांगणार? म्हणून गल्ली आणि खड्डे सांगते.

नवऱ्याच्या ऑफिसातल्या कोणीतरी सांगितलं की वर्तकनगरला एकजण जुन्या गाड्यांचं काम करतो. रविवारी गाडी टेम्पोत घालून आम्ही गेलो. तरुण मनुष्य, हातभर गोंदवून घेतलेलं, भिंतीला चकाकत्या टाक्या टांगलेल्या. गाडी टेम्पोतून उतरली तसा तो खूश झाला. मला वाटलं, आला माझा माणूस.

"मॅडम, विकणार का?"

"टायर हवेत."

"टायर आहेत ना. बटण टायर टाकू. असे उंचवटेवाले, एकदम जंगलचा लुक येईल. फोटोत काय दिसेल माहितीये?"

"मला फोटोत जायचं नाहीये, टिटवाळ्याला जायचंय."

त्याने ते टायर आणून दाखवले. नव्वद शंभरपेक्षाही उंच. मी उंचीबद्दल बोलायला लागले तर तो म्हणाला, "मग शॉक-अ‍ॅब्सॉर्बर कापून गाडी खाली बसवू, हँडल बदलू, पूर्ण कामच करू ना." नवरा म्हणाला, "विचार करायला हरकत नाही." मी म्हटलं, "हरकत आहे." आम्ही गाडी परत टेम्पोत घातली. येताना टेम्पोवाल्यानेही सांगितलं, "ताई, ती चार चाकांची येते ना स्कूटर, ती घ्या." मी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

मग मोबाईलवर शोधलं. दोन पंचाहत्तर-दहा असं स्वच्छ लिहिलेला टायर सापडला, मागवला. आला तो सामान ढकलायच्या ट्रॉलीचा. अगदी तळहाताएवढा नव्हता, पण फार मोठाही नव्हता. परत करायला गेले तर मोबाईल मला विचारतो, माल का आवडला नाही, रंग की माप? माप, बाबा, माप. जगात सगळ्यांना रंगाचीच पडलेली असते.

विठ्ठलवाडीला स्पेअर पार्टची दुकानं आहेत, तिथे अखेर योग्य मापाचा टायर हाताला लागला. एका खोलीत मागे, पोत्याखाली. दुकानदाराने फडक्याने पुसून पुढे ठेवला तेव्हा मला खरंच भरून आलं. नंबर बरोबर, नक्षी बरोबर, नव्या टायरवर असतात ते रबराचे केससुद्धा निघालेले नव्हते. मी तो हातात घेऊन वाकवला. घडीच्या जागी बारीक बारीक भेगा उघडल्या, सुकलेल्या तळ्याच्या गाळाला पडतात तशा. नख रुतवलं तर खूण उमटेना. किती वर्षं पडून होता देव जाणे.

"हा जुना आहे," मी म्हटलं.

"जुना कुठे? एकदा पण वापरलेला नाय."

वापरला नाही म्हणून नवा, असं त्याचं म्हणणं. दगडासारखं रबर ओल्या रस्त्यावर धरत नाही, मी पुन्हा तशीच पडले असते. एकीकडे नवा टायर होता, ज्यावर पाय पोचत नाही, आणि दुसरीकडे पाय पोचणारा टायर होता, जो रस्ता धरत नाही. कुठल्या बाजूने पडायचं तेवढंच ठरवायचं होतं. मी तो टायर हातात घेऊन फार वेळ उभी राहिले असणार, कारण नवरा हळूच म्हणाला, "राहू दे ना. काही दिवस रिक्षाने जा. बघू पुढे."

"काही दिवस म्हणजे किती?"

"बघू ना."

रिक्षाने मी गेले. गुळगुळीत टायरवर पुन्हा जायची माझीही हिंमत नव्हती. सकाळी अंधारात रिक्षावाले जवळचं भाडं घेत नाहीत, लांबचं म्हटलं तर परतीचं भाडं मिळत नाही म्हणून घेत नाहीत, आणि ज्याने घेतलं तो गल्लीच्या तोंडाशी सोडतो. आत लंगडत जायचं. लॅबने माझी टिटवाळ्याची घरं हळूहळू दुसऱ्या मुलीला द्यायला सुरुवात केली. कोणी वाईट वागलं नाही, सगळे फार समजूतदारपणे वागले. त्या समजूतदारपणाने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अजून महिनाभर असंच चाललं असतं तर त्यांनी मला लॅबमध्येच खुर्चीवर बसवलं असतं, बाटल्यांवर चिकटपट्ट्या लावायला.

या काळात मला एक वाईट सवय लागली. दिसेल त्या गाडीचा टायर वाचायचा. इमारतीच्या पार्किंगमध्ये रक्ताचा डबा खांद्याला लावून मी वाकून वाकून गाड्यांची चाकं बघायची. वॉचमन लोक हटकायचे. टिटवाळ्याच्या एका नव्या इमारतीत, माझ्याकडे उरलेल्या शेवटच्या एक-दोन घरांपैकी तिथलं एक होतं, मी अशीच वाकले होते तर मागून आवाज आला, "काय शोधताय, मॅडम?"

"टायर."

"चोरीला गेला?"

मी उत्तर दिलं नाही, कारण समोर दोन पंचाहत्तर-दहा लिहिलेलं होतं. कुणा कॉलेजच्या मुलीची विजेवर चालणारी छोटी स्कूटर होती, लायसन्स लागत नाही तसली. टायर नवाकोरा, रबर मऊ. मी खालीच बसले आणि वॉचमनला म्हटलं, "ही कोणाची गाडी आहे? त्यांना विचारा, ही कुठून घेतली." तो मला लिफ्टपर्यंत सोडायला आला, बहुतेक मी काही उचलून नेईन या भीतीने.

त्या विजेच्या स्कूटरींचं दुकान कल्याणला निघालं. दुकानातल्या मुलीने माझ्याकडे बघून, माझ्याशी बोलून, माप लिहून घेतलं. टायर गोडाउनला संपले होते, दिवाळी झाली की येतील म्हणाली. मी दोन्ही चाकांचे मागवले. तीच विजेची गाडी का घेत नाही, असंही आता बरेच जण विचारतात. त्यांनी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकडून पार्किंगमध्ये चार्जिंगचा पॉइंट मिळवून दाखवावा, मी उद्या घेते.

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा माझ्या पायांना चाकं फुटल्यासारखं झालं होतं. तो चहा पीत होता. "अरे वा," म्हणाला. मग थोड्या वेळाने, "विजेच्या गाडीचे टायर आपल्या गाडीला चालतील?"

"तेच माप आहे."

"तरी विचारून घे. घाई नको करू."

मी म्हटलं, पावसाळा संपला, नवरात्र झालं, आता आणखी किती सावकाश करू? तो हसला. चांगलं हसला, मला काही वावगं वाटलं नाही.

मग पाडवा आला. आमच्याकडे पाडव्याला मी नवऱ्याला ओवाळते आणि तो तबकात काहीतरी ठेवतो, साडी, कधी कानातलं. सासूबाई सोफ्यावर बसून सगळं यथासांग होतंय ना बघतात. त्या दिवशी मी ओवाळलं, तबकात त्याने नुसती सुपारी ठेवली आणि म्हणाला, "ओवाळणी खाली आहे."

पार्किंगमध्ये माझी गाडी धुऊन उभी केलेली. हँडलला झेंडूचा हार, समोर रांगोळी, नारळ फोडलेला आणि दोन्ही चाकांना नवे टायर. काळेभोर, रुंद, त्यांच्यावर कुंकवाची स्वस्तिकं काढलेली. मला क्षणभर वाटलं, कल्याणहून टायर लवकर आले आणि याने गुपचूप बसवून घेतले. मी खरंच त्याचा हात धरला. मग वाकले, सवयीने. नव्वद शंभर दहा.

"हे तर ते नाहीत," मी म्हटलं.

"चांगले आहेत. रुंद आहेत. ग्रिप आहे."

मी साडी सावरून सीटवर बसले. उजवा पाय टाचेशिवाय टेकला. डावा टेकलाच नाही. गाडी डावीकडे झुकायला लागायच्या आत त्याचा हात हँडलवर होता. "मी आहे ना," तो म्हणाला. त्या वेळी मी रागाने इतकी भरले होते की त्याचा हात तिथे आधीपासूनच कसा होता, हा प्रश्न मला पडला नाही.

"काढा हे," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता काढा."

गॅलरीतून सासूबाई खाली बघत होत्या. "अगं, पूजा झालीय त्यांची," त्या म्हणाल्या. "आणि पाडव्याची ओवाळणी परत करायची नसते." शेजारची दोन कुटुंबं फराळाची ताटं घेऊन जिन्यात उभी राहिली. "किती हौसेने केलंय त्यांनी," एक बाई म्हणाल्या. सगळ्यांना ते दिसत होतं, हार, रांगोळी, हौस. पाय कोणालाच दिसत नव्हता. मी वर आले आणि चकल्या न खाता बसून राहिले, आणि हसून सगळ्यांना सांगितलं की हो, छान आहेत.

भाऊबीज झाली, दुकानं उघडली. नवरा ऑफिसला गेल्यावर मी गाडी हाताने ढकलत त्या पहिल्या, डोंबिवलीच्याच दुकानात नेली. आमच्यापासून फार लांब नाही ते, पण डाव्या पायाला चांगलंच लांब होतं. दोघातिघांनी वाटेत विचारलं, "ढकलू का?" मी सगळ्यांना नको म्हटलं. पोचले तेव्हा ब्लाउज भिजला होता.

"तुम्हाला मी फळ्या ठेवून दाखवलं होतं," मी त्या दुकानदारावर ओरडलेच. "एवढ्यात विसरलात? माणूस काय सांगतोय ते ऐकायचंच नाही का तुम्ही लोकांनी?"

तो गांगरला. पाण्याची बाटली पुढे केली. "मॅडम, मी साहेबांना बोललेलो. देवाशपथ. बोललो, उंची वाढेल, मॅडमचा पाय नाय पोचणार, त्यांनी नको म्हटलेलं. साहेब बोलले, माहितीये मला, तू लाव." त्याने फडक्याला हात पुसले. "मला वाटलं, तुमचं आपसात ठरलंय."

मी स्टुलावर बसले. पाणी प्यायले. बिचारा काही चूक बोलत नव्हता. फळ्या ठेवल्या तेव्हा मला दोघांनी दोन बाजूंनी धरलं होतं, आणि त्यातल्या दुकानदाराला सगळं आठवत होतं. नवऱ्यालाही आठवत होतं. मी गाडी तिथेच ठेवून रिक्षाने घरी आले.

संध्याकाळी तो आला, हातपाय धुतले, ताटावर बसला. सासूबाई देवळात गेल्या होत्या. मी भाजी वाढली आणि विचारलं, "त्याने तुम्हाला सांगितलं होतं?"

कशाबद्दल, असं त्याने विचारलं नाही. घास हातात तसाच राहिला. "हो."

"माझा पाय पोचणार नाही हे माहीत होतं?"

"हो."

"मग?"

"वाटलं, पूजा केलेली, ओवाळणीची वस्तू. तू काढणार नाहीस. थोडे दिवस तशीच राहील खाली. मग रिक्षाची सवय होईल."

मला वाटलं होतं मी ओरडेन. आवाजच निघेना. सव्वीस वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्याशी खोटं बोललेला मला आठवत नाही, आणि त्याने पहिलं खोटं हार घालून, रांगोळी काढून, सगळ्या सोसायटीसमोर मला नेऊन दाखवलं होतं. "तुम्ही मला ओवाळणी दिली नाहीत," मी म्हटलं. "ओवाळणी म्हणून माझा पाय काढून घेतलात."

त्याने घास खाली ठेवला. म्हणाला, "पत्रीपुलाहून फोन आला ना तेव्हा मी ठाणे स्टेशनवर होतो. कुणी बाई होती. मॅडम पडल्यात एवढंच म्हणाली आणि फोन कट झाला. परत लागेना. कल्याणला पोचेपर्यंत मला माहीत नव्हतं की तू..." त्याने ताट जरा बाजूला सरकवलं. "तेव्हापासून तू जिना उतरलीस की मला भीती वाटते. रोज. तुझा पोचल्याचा मेसेज येईपर्यंत मी ऑफिसात नुसता बसलेला असतो."

"मग सांगायचं."

"सांगितलं असतं तर थांबली असतीस?"

"नाही."

"मग काय उपयोग?"

"उपयोग नाही, तरी सांगायचं. थांबायचं की जायचं ते मी बघेन. तुम्ही माझ्या पाठीमागे टायर बदलायचे नाहीत." आता माझा आवाज आला आणि चांगलाच आला. मी खूप बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि भाजी गार झाली. रडलो नाही कोणी. त्या रात्री मी पाठ करून झोपले, पुढचे बरेच दिवस कामापुरतं बोलले. कीव आली असती तर सोपं झालं असतं, पण मला कीव येत नव्हती, राग येत होता, आणि त्याच्या भीतीवरही राग येत होता, कारण ती खरी होती आणि मी तिचं काही करू शकत नव्हते.

कल्याणहून फोन आला तेव्हा टायर आणायला तोच गेला. मी सांगितलं नव्हतं. गाडी दुकानातच होती, त्याने समोर उभं राहून दोन्ही बसवून घेतले, मला बोलावलं, आणि मी बसले तेव्हा दोन पावलं मागे सरकून उभा राहिला, हात पाठीमागे बांधून. उजवा पाय पूर्ण टेकला. डाव्याची बोटं टेकली. दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाला, "ओके ना मॅडम?" पाडव्याचे टायर सासूबाईंनी घरी आणायला लावले. ते गॅलरीत आहेत, कुंकवासकट. परत करायचे नसतात.

टिटवाळ्याची घरं मला लॅबने पुन्हा दिली, सगळी नाहीत, पण बरीच. सकाळी मी निघते तेव्हा बाहेर अंधार असतो. नवरा उठून दारापर्यंत येतो. पूर्वी तो डबा माझ्या हातात द्यायचा आणि "सावकाश जा" म्हणायचा, सगळेच म्हणतात तसं. आता तसं म्हणत नाही. डबा देतो, पट्टा माझ्या खांद्यावर नीट बसला का बघतो.

"भीती वाटतेय," तो म्हणतो.

"वाटू दे," मी म्हणते, आणि जिना उतरते.